वृषणाचा पसरलेला कर्करोग : रक्तातील मार्कर आणि जोखीम गटानुसार उपचार

"नॉर्मल दहापर्यंत लिहिलंय आणि आमच्या मुलाचं चार हजार आलंय. डॉक्टर, आता काही हातात उरलंय का?"

वृषणाचा कर्करोग पोटात किंवा छातीत पसरल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले की घरातल्या सगळ्यांचे डोळे रक्ताच्या एका रिपोर्टवर खिळतात. त्यावर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच अशी तीन नावे असतात, पुढे आकडे असतात आणि शेजारच्या रकान्यात नॉर्मल मर्यादा छापलेली असते. वरचा प्रश्न मला एका वडिलांनी विचारला होता. त्याचे उत्तर असे आहे की बरेच काही उरलेले असते. पसरल्यानंतरही पूर्ण बरे होऊ शकणारे जे मोजके कर्करोग आहेत, त्यांत हा एक आहे. मात्र किती उपचार लागतील, कोणती औषधे आणि किती सायकल, हे ठरवण्यात या तीन आकड्यांचा मोठा वाटा असतो. म्हणून ते समजून घ्या.

मी जनरल फिजिशियन आहे. केमोचा निर्णय कर्करोगतज्ज्ञच घेतात. पण रुग्ण आणि नातेवाईक फाइल घेऊन माझ्याकडे येतात आणि तिथे न विचारलेले प्रश्न इथे विचारतात, त्यासाठी हा लेख.

आजार पसरेपर्यंत कळत का नाही?

हा कर्करोग मुख्यतः १५ ते ४० या वयात होतो. वृषणात न दुखणारी कडक गाठ किंवा एका बाजूला जडपणा, एवढेच सुरुवातीचे लक्षण असते. लाजेमुळे मुलगा आईवडिलांना सांगत नाही, कधी बायकोलाही सांगत नाही. काहींना "हायड्रोसिल असेल" म्हणून वाट पाहायला सांगितले जाते. वृषणातून निघणाऱ्या लसिका वाहिन्या जांघेत न जाता थेट पोटाच्या मागच्या भागात, कण्याजवळच्या लिम्फ नोडमध्ये जातात. म्हणून पसरल्यावर पहिली तक्रार बऱ्याचदा कंबरदुखीची असते.

माझ्याकडे आलेल्या २४ वर्षांच्या एका मुलाला मी दोन वेळा कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा पोट तपासले, तर बेंबीच्या वर गोळा हाताला लागला. मग विचारल्यावर त्याने सांगितले की डावे वृषण सहा महिन्यांपासून कडक आहे. पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते, ते मी विचारले नाही. त्याच्या रिपोर्टकडे पुढे पुन्हा येऊ.

हे तीन मार्कर येतात कुठून?

वृषणातील बहुतेक गाठी शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशींपासून, म्हणजे जर्म सेलपासून होतात. या पेशी बिघडल्यावर गर्भावस्थेत तयार होणारे पदार्थ पुन्हा बनवू लागतात.

एएफपी हे प्रथिन गर्भातील बाळाचे यकृत बनवते. प्रौढ माणसाच्या रक्तात ते नावापुरतेच असते. बीटा एचसीजी हे गरोदरपणातील संप्रेरक आहे. घरी लघवीवर करायची प्रेग्नन्सी टेस्ट हेच शोधते. त्यामुळे या आजारात पुरुषाची ती टेस्टही पॉझिटिव्ह येऊ शकते. पण इंटरनेटवर वाचून ती घरी करू नका. निगेटिव्ह आल्याने आजार नाही असे सिद्ध होत नाही. एचसीजी फार वाढले तर छातीला स्त्रियांसारखा फुगवटा येतो, आणि काही मुले आधी त्याच तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जातात. तिसरा एलडीएच हा शरीरातील जवळजवळ सगळ्या पेशींत असणारा एन्झाइम आहे. तो या आजारापुरता नाही, पण शरीरात आजाराचा भार किती आहे याचा ढोबळ अंदाज देतो.

या गाठींचे दोन मुख्य प्रकार आहेत: सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा. शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये सेमिनोमा लिहिले असेल, पण एएफपी निश्चितपणे वाढलेले असेल आणि त्याला यकृताचे वगैरे दुसरे कारण नसेल, तर डॉक्टर त्या रुग्णावर नॉन-सेमिनोमा समजून उपचार करतात. नातेवाईकांना वाटते की रिपोर्टची अदलाबदल झाली. तसे नसते. पॅथॉलॉजिस्टने पाहिलेल्या तुकड्यात नसलेला भाग गाठीत दुसरीकडे, किंवा पसरलेल्या आजारात असू शकतो, आणि रक्त ते सांगते. सेमिनोमात एचसीजी मात्र थोडे वाढू शकते.

मार्कर नॉर्मल असणे म्हणजे कर्करोग नसणे नव्हे. बहुतेक सेमिनोमांत आणि काही नॉन-सेमिनोमांतही ते नॉर्मल असतात.

आकड्याइतकीच तारीख महत्त्वाची

रिपोर्ट वाचताना सर्वाधिक गोंधळ इथे होतो. मार्करसाठी रक्त निदानाच्या वेळी, म्हणजे वृषण काढण्यापूर्वी घेतात, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा घेतात आणि केमोची पहिली सायकल सुरू होण्याच्या अगदी आधी आणखी एकदा घेतात. जोखीम गट ठरतो तो या शेवटच्या आकड्यावर.

शस्त्रक्रियेआधीचा आकडा हवाच. तो नसेल तर पुढे मार्कर उतरले की नाही, हे कशाशी ताडून पाहणार? ही शस्त्रक्रिया जांघेतून चीर देऊन करतात. अंडकोशातून सुई घालून तुकडा काढत नाहीत. कुणी तसे सुचवले तर आधी कर्करोगतज्ज्ञाचे मत घ्या.

वृषण काढल्यावर मार्कर एका रात्रीत शून्य होत नाहीत. एएफपी निम्मे व्हायला ५ ते ७ दिवस लागतात, एचसीजी निम्मे व्हायला सुमारे एक ते दीड दिवस. समजा शस्त्रक्रियेच्या दिवशी एएफपी ८०० होते आणि शरीरात आजार उरलेला नाही. निम्मे होण्याला सात दिवस धरले तर आठवड्याने ते ४०० च्या आसपास असेल, दोन आठवड्यांनी २००, तीन आठवड्यांनी १००. नॉर्मल व्हायला सहा-सात आठवडे जातील. म्हणून तीन आठवड्यांनी शंभर आले तर घाबरण्याचे कारण नाही. पण तीन आठवड्यांनी ७०० असेल, किंवा ९०० झाले असेल, तर आजार शरीरात दुसरीकडे शिल्लक आहे आणि काम करतो आहे. स्कॅनमध्ये काहीही दिसत नसले तरीही. एचसीजीचा हिशेब बराच वेगवान असतो. तेच ८०० नऊ-दहा दिवसांत दहाच्या घरात यायला हवे.

आता त्या २४ वर्षांच्या मुलाकडे येऊ. शस्त्रक्रियेआधी त्याचे एएफपी १,९०० होते. केमोच्या आदल्या दिवशी ते ८६० झाले. बाकीचे दोन मार्कर जवळपास नॉर्मल होते, आजार पोटातील नोडपुरता होता. पहिल्या आकड्याने तो मध्यम गटात गेला असता, दुसऱ्याने चांगल्या गटात बसला. म्हणजे चारऐवजी तीन सायकल. तुमच्या फाइलमध्येही असे दोन वेगळे आकडे असतील, तेव्हा डॉक्टरांना विचारा: "गट कोणत्या तारखेच्या रिपोर्टवर ठरवला?"

शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा आणि एककाकडे लक्ष द्या. काही प्रयोगशाळा एएफपी नॅनोग्रॅममध्ये देतात, काही आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये, आणि हे दोन आकडे सारखे नसतात.

जोखीम गट कसा ठरतो?

पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी प्रसिद्ध झाली. जगभरचे कर्करोगतज्ज्ञ अजूनही तीच वापरतात, आपल्याकडचेही. ती तीन गोष्टी पाहते: गाठ मूळ कुठे सुरू झाली, आजार कुठपर्यंत गेला आणि मार्कर किती आहेत.

नॉन-सेमिनोमात रुग्ण चांगल्या गटात बसायला मूळ गाठ वृषणात किंवा पोटाच्या मागच्या भागात असावी लागते, फुफ्फुस सोडून इतर अवयवांत आजार नसावा लागतो, आणि एएफपी १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली, एचसीजी ५,००० युनिट प्रति लिटरच्या खाली, एलडीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीडपटीच्या आत असावे लागते. बाकी सगळे तसेच राहून एएफपी १,००० ते १०,०००, किंवा एचसीजी ५,००० ते ५०,०००, किंवा एलडीएच दीड ते दहा पट असेल तर गट मध्यम. यापैकी एकही मार्कर त्याच्या वर गेला, किंवा आजार यकृत, हाडे, मेंदू अशा अवयवांत पोहोचला, किंवा गाठ मुळातच छातीत दोन फुफ्फुसांच्या मध्ये सुरू झाली असेल, तर गट उच्च जोखमीचा. एकच वाईट आकडाही गट ठरवायला पुरतो. एएफपी आणि एलडीएच कितीही चांगले असोत, एचसीजी ६०,००० असेल तर गट उच्च जोखमीचाच.

फुफ्फुसातील गाठी ऐकून घरच्यांचा धीर सुटतो. पण वरचे पुन्हा वाचा: फक्त फुफ्फुसात आजार आहे म्हणून कुणी वाईट गटात जात नाही.

सेमिनोमाची वर्गवारी सोपी आहे. त्यात उच्च जोखमीचा गटच नाही. फुफ्फुस सोडून इतर अवयवांत आजार असेल तर मध्यम, नाहीतर चांगला. मूळ गाठ कुठे आहे आणि एचसीजी किती आहे याने गट बदलत नाही. क्रिकेटपटू युवराज सिंगची गाठ वृषणात नव्हती, छातीत दोन फुफ्फुसांच्या मध्ये होती, पण ती सेमिनोमा होती. २०१२ मध्ये अमेरिकेत केमो घेऊन त्याच वर्षी तो भारतीय संघात परतला. त्याच जागी नॉन-सेमिनोमा असता तर गट अगदी दुसरा झाला असता.

२०२१ मध्ये नव्या रुग्णांच्या नोंदींवर ही वर्गवारी पुन्हा तपासली गेली. नॉन-सेमिनोमात पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण चांगल्या गटात सुमारे ९६ टक्के, मध्यम गटात ८९ आणि उच्च जोखमीच्या गटात ६७ टक्के निघाले. या शेवटच्या गटाचा आकडा १९९७ मध्ये ४८ होता. सेमिनोमात चांगल्या गटात ९५, मध्यम गटात ८८ टक्के. सेमिनोमाच्या चांगल्या गटातही एलडीएच मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त असेल तर जोखीम थोडी वाढते, हे याच अभ्यासात दिसले. तीनही गटांत डॉक्टर बरे करण्याच्या हेतूनेच उपचार करतात, हे आकड्यांवरून लक्षात येईल.

गटानुसार उपचार

१९७४ पर्यंत पसरलेला आजार असणाऱ्या शंभरातले जेमतेम पाच-दहा वाचत. त्या वर्षी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लाटिन हे नवे औषध जुन्या दोन औषधांना जोडून दिले आणि चित्र पालटले. आजही उपचाराचा कणा सिस्प्लाटिनच आहे.

आजची नेहमीची पद्धत म्हणजे बीईपी: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लाटिन. इटोपोसाइड आणि सिस्प्लाटिन सलग पाच दिवस सलाईनमधून देतात, ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा, आणि सायकल २१ दिवसांची. चांगल्या गटाला तीन सायकल पुरतात. "चौथीही देऊन टाका ना, खात्री होईल" असे नातेवाईक म्हणतात. या गटात चौथ्या सायकलने जास्त रुग्ण बरे होत नाहीत, असे चाचण्यांत दिसले आहे. दुष्परिणाम मात्र वाढतात. फुफ्फुस किंवा किडनी कमकुवत असेल, वय जास्त असेल तर ब्लिओमायसिन वगळून उरलेल्या दोन औषधांच्या चार सायकल देतात. सेमिनोमात पोटातील नोड लहान असतील तर केमोऐवजी रेडिएशनचाही विचार होतो.

मध्यम आणि उच्च जोखमीच्या गटात चार सायकल. फुफ्फुसाची काळजी असेल तर ब्लिओमायसिनच्या जागी आयफोस्फामाइड देतात, त्याला व्हीआयपी म्हणतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा आजार १९९६ मध्ये फुफ्फुसे आणि मेंदूपर्यंत गेला होता. त्याच्यासाठी फुफ्फुसे जपायला हाच मार्ग निवडला होता. (पुढे उत्तेजक प्रकरणात त्याचे किताब काढून घेतले गेले, तो विषय निराळा.)

उच्च जोखमीच्या गटात वेळेला फार किंमत असते. छाती गाठींनी भरली आहे, धाप लागते आहे, एचसीजी लाखांत आहे, अशा तरुणात डॉक्टर बायोप्सीची वाट न पाहता फक्त मार्करच्या आधारे केमो सुरू करू शकतात आणि वृषण नंतर काढतात. सुरुवातीला दोन-तीन दिवसच कमी मात्रा देतात, कारण गाठी एकदम फुटल्या तर फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. एचसीजी खूप जास्त असेल तर डोके दुखत नसले तरी मेंदूचा एमआरआय करतात. "ऑपरेशन आधी का नाही केले?" म्हणून अशा वेळी दुसऱ्या रुग्णालयाच्या शोधात दिवस घालवू नका.

पहिल्या सायकलनंतर याच गटात मार्कर पुन्हा एक निर्णय घ्यायला लावतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका चाचणीत पहिल्या सायकलनंतर मार्कर किती वेगाने उतरतात हे पाहिले गेले. ज्यांचे हळू उतरले त्यांतील काहींना बीईपीच चालू ठेवली, काहींना जास्त तीव्र उपचार दिले. तीन वर्षांनी आजार न वाढता असणारे रुग्ण पहिल्या तुकडीत ४८ टक्के होते, दुसरीत ५९ टक्के. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास घ्यायची रक्ततपासणी चुकवू नका. केमोनंतरच्या पहिल्या आठवड्यात मात्र मार्कर उलटे वाढलेले दिसू शकतात. पेशी मरताना आतला माल रक्तात सोडतात. त्या आठवड्याचा रिपोर्ट पाहून रडारड झालेली मी पाहिली आहे, आणि पुढच्या रिपोर्टला तेच आकडे कोसळलेलेही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. "पोरगं अशक्त झालंय, आठवडाभर घरी नेतो" असे करू नका. या आजारात सायकल वेळेवर आणि पूर्ण मात्रेत होण्यावर बरे होणे अवलंबून आहे. पांढऱ्या पेशी कमी असतील तर त्या वाढवणारी इंजेक्शने आहेत. उशीर करायचा की नाही हे कर्करोगतज्ज्ञांना ठरवू द्या. ताप १००.४ च्या वर गेला तर मात्र पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात जा.

केमो सुरू होण्याआधी

शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. शक्य तर वृषण काढण्यापूर्वी, निदान केमोपूर्वी. एका वृषणानेही पुढे मूल होऊ शकते, पण केमोनंतर शुक्राणू परत येतीलच याची खात्री नसते. हा विषय आई-वडिलांसमोर काढायला मुलगा कचरतो. त्याला डॉक्टरांशी एकटे बोलू द्या.

सिस्प्लाटिनने किडनी, ऐकण्याची क्षमता आणि हातापायांच्या नसांवर परिणाम होऊ शकतो, ब्लिओमायसिनने फुफ्फुसावर. सिगारेट, तंबाखू त्याच दिवशी बंद. नंतर कधीही कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर ब्लिओमायसिन घेतल्याचे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल होण्याआधी त्याला भेटा.

आकडा वाढला, पण कारण दुसरेच

कावीळ, हिपॅटायटीस, दारूने बिघडलेले यकृत, केमोचाच यकृतावर झालेला परिणाम, यांनी एएफपी थोडे वाढते. झाडपाल्याची औषधे यकृत बिघडवू शकतात, म्हणून घेत असाल तर लपवू नका. काही माणसांत एएफपी जन्मापासूनच किंचित जास्त असते आणि वर्षानुवर्षे तेवढेच राहते. केमोनंतर उरलेले वृषण मंदावले तर मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीमुळे एचसीजी जरासे वाढलेले दिसते. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊन पुन्हा तपासले की ते उतरते. रक्ताचा नमुना बाटलीत फुटला तरी एलडीएच वाढते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही यंत्रांवर रिपोर्ट चुकतो. थोडक्यात, एका किंचित वाढीवर केमो सुरू करत नाहीत. तपासणी पुन्हा करतात आणि आकडा चढत जातो का ते पाहतात.

मार्कर नॉर्मल झाले, पण गाठ उरली

केमो संपल्यावर मार्कर नॉर्मल होतात आणि सीटीमध्ये पोटात गाठ अजून दिसते. नॉन-सेमिनोमात ती एक सेंटिमीटरहून मोठी असेल तर सहसा शस्त्रक्रियेने काढतात. मार्कर नॉर्मल असताना चिरफाड कशाला, असे वाटते. कारण असे: काढलेल्या गाठींपैकी साधारण निम्म्यांत फक्त मेलेल्या पेशी असतात, सुमारे ४० टक्क्यांत टेराटोमा आणि दहाएक टक्क्यांत जिवंत कर्करोग. टेराटोमा मार्कर बनवत नाही आणि केमोला दाद देत नाही. तो हळूहळू वाढून आजूबाजूचे अवयव दाबतो, क्वचित पुन्हा कर्करोगात बदलतो. इथे रक्त गप्प असते, म्हणून चाकू लागतो. महाधमनीच्या भोवतीची ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती नेहमी करणाऱ्या केंद्रातच करून घ्या, जसे मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. सेमिनोमात उरलेली गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी असेल तर दोनेक महिन्यांनी पेट स्कॅन करून मग ठरवतात.

मार्कर नॉर्मल होऊन काही महिन्यांनी पुन्हा चढू लागले तरी उपचार संपलेले नसतात. वेगळ्या औषधांची केमो, किंवा जास्त मात्रेची केमो आणि स्वतःच्याच स्टेम सेलचे प्रत्यारोपण, यांनी त्यातलेही अनेक जण बरे होतात. आजार परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून त्या काळात रक्ततपासणी लवकर लवकर करतात आणि पुढे अंतर वाढवतात.

फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता करा. तारीख, एएफपी, एचसीजी, एलडीएच, प्रयोगशाळेचे नाव आणि त्या दिवशी कितवी सायकल होती, एवढेच रकाने. त्या मुलाच्या आईने शाळेच्या वहीच्या कागदावर तो आखला होता. दर तपासणीला आल्यावर मी आधी तोच कागद मागतो, रिपोर्ट नंतर.